वाडीला रविवार नव्हता

वसईला हवा खायला बाहेरून माणसं येतात, ही गोष्ट इथल्या रिसॉर्टांपेक्षा कितीतरी जुनी आहे. १६९५ साली जेमेल्ली कारेरी नावाचा एक इटालियन वकील जगप्रवासाला निघालेला असताना दमणहून वसईला उतरला. वसई तेव्हा पोर्तुगिजांच्या उत्तरेकडच्या मुलखाचं मुख्य ठाणं होती. कोटात चर्चेस, मठ, उमरावांचे वाडे, सगळा थाट होता. पण कारेरीनं लिहून ठेवलंय की वसईचं सगळं सुख कोटाबाहेर, कसब्यात आहे. तिथे कोसच्या कोस बागा आहेत, त्यांत माड, केळी, आंबे आणि भरपूर ऊस. आजूबाजूच्या गावांतली ख्रिस्ती, मुसलमान आणि हिंदू कुळं त्या बागा कसतात, यंत्रांनी पाणी काढून बारा महिने हिरव्या ठेवतात. या गारव्याला भुलून कोटातल्या बड्या घराण्यांनी तिथे घरं बांधली आहेत. कडक उन्हाळ्यात आणि साथीच्या दिवसांत ती मंडळी तिथे जाऊन राहतात.

मी इतिहास शिकवते. कारेरीचं हे वर्णन वर्गात सांगते तेव्हा मुलांना विचारते, पाणी काढणारं यंत्र म्हणजे कोणतं? मुलं मोटार म्हणतात, कुणी बोअरवेल म्हणतं. रहाट म्हणणारं मूल आता क्वचित भेटतं, आणि भेटलं तर त्याच्या घरी आजोबा हयात असतात.

मला मात्र त्या वर्णनातल्या घरांपेक्षा कुळांची उत्सुकता जास्त आहे. उमराव आपल्या बायकामुलांना घेऊन हवा खायला जात होते, हे कळलं. ज्यांनी ती हवा गार ठेवली, ती माणसं कधी कुठे जात होती? रहाट हाकणारा आपल्या बायकोला घेऊन दोन दिवस बाहेर पडला, असं कधी घडत होतं का? आज विरार-वसईतला एखादा तरुण बायकोच्या वाढदिवसाला माथेरानची खोली सहज आरक्षित करतो. त्याच्या पणजोबाला हे का जमलं नव्हतं, याचं उत्तर मला पुस्तकांपेक्षा माझ्या सासरच्या वाडीत जास्त सापडलं.

माझं माहेर केळव्याचं, सासर आगाशीचं. दोन्हीकडे वाडवळ समाज, दोन्हीकडे वाडी. सासरी केळी, पानवेल आणि थोडा भाजीपाला होता. माझ्या सासूबाई १९६६ साली लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा विहिरीवर रहाट चालू होता. त्याचं वर्णन त्या इतकं बारकाईनं करतात की मला तो डोळ्यांनी पाहिल्यासारखा वाटतो. विहिरीच्या तोंडावर मोठं लाकडी चाक, त्यावर दोराची माळ आणि माळेला ओळीनं बांधलेली मातीची मडकी. बाजूला दुसरं आडवं चाक, त्याला जुंपलेला हेला, म्हणजे रेडा. हेला गोल फिरायला लागला की एका बाजूनं रिकामी मडकी खाली जायची, दुसऱ्या बाजूनं भरलेली वर यायची आणि माथ्यावर येऊन लाकडी पन्हळीत ओतायची. तिथून पाणी पाटानं वाडीभर जायचं. हेल्याचे डोळे झाकलेले असत, म्हणजे त्याला घेरी येऊ नये. पहाटे चार वाजता रहाट सुरू व्हायचा. उन्हं चढली की हेल्याला तलावावर डुंबायला सोडायचं, संध्याकाळी पुन्हा जुंपायचं. मडकं फुटलं की दुसरं बांधायचं, आणि मडकी फुटतच असत, म्हणून पडवीत कुंभाराकडची मडकी कायम रचून ठेवलेली.

आता यातलं महत्त्वाचं म्हणजे पानवेल. केळ एखादा दिवस कळ काढते. पानवेलीला पाण्याचा खाडा चालत नाही. उन्हाळ्यात दोन दिवस पाणी चुकलं तर वेल मान टाकते, आणि वेल गेली की सगळ्या घराचं वर्ष गेलं. शिवाय पानं खुडायची, निवडायची, करंड्यांत भरायची, आणि हे सगळं हातानं. हेल्याला वैरण, गाईचं दूध, रजेळी केळी पिकली की सुकेळ्यांचा हंगाम. सोललेली केळी मांडवावर उन्हात घालायची, संध्याकाळी दव पडायच्या आत झाकायची, सकाळी पुन्हा उघडायची, असं कित्येक दिवस. ज्या घरात रोज पहाटे चारला एक माणूस विहिरीवर आणि तिन्हीसांजेला एक माणूस मांडवापाशी लागतो, त्या घरातलं जोडपं मिळून बाहेर कसं जाणार? एक गेलं की दुसऱ्यानं थांबायचं, हा नियम कुणी घातलेला नव्हता. विहिरीनं घातलेला होता.

गाडीची सोय नव्हती म्हणून लोक जात नव्हते, असं म्हणायला तर जागाच नाही. मुंबईची पहिली लोकल म्हणतात ती विरारहूनच सुटली. १२ एप्रिल १८६७ला विरार ते बॅकबे अशी रोज एक गाडी बीबीसीआय रेल्वेनं सुरू केली. १९३६ साली विजेची गाडी बोरिवलीवरून विरारपर्यंत आली. म्हणजे पश्चिम किनाऱ्याचा हा पट्टा केव्हापासूनच मुंबईला जोडलेला आहे. पण आगाशी, नंदाखाल, बोळींज, नाळे, गास, भुईगाव या गावांतली माणसं गाडीत बसली ती टोपल्या घेऊन. पहाटेच्या गाडीनं भाजी, फुलं, केळी, पानं आणि दूध दादर-ग्रँट रोडला जायचं. माझ्या आजेसासूबाई आयुष्यभर दादरला भाजी घेऊन गेल्या, पण दादरची चौपाटी त्यांनी पाहिलेली नव्हती. स्टेशनच्या पुलाखाली बसायचं, टोपली रिकामी झाली की परतीची गाडी पकडायची. घरी हेला जुंपायची वेळ झालेली असायची. रेल्वेनं वसईची वाडी मुंबईला नेली, वाडीवाल्याला मात्र गाडीनं विसावा दिला नाही.

रेल्वे आली त्याच शतकात मुंबईत सुटी नावाची गोष्ट जन्माला येत होती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी वर्षानुवर्षं झगडून आठवड्याची सुटी मिळवली. १० जून १८९० हा तो दिवस म्हणून सांगितला जातो. आमच्या अभ्यासक्रमात लोखंडे येतात तेव्हा मी हा भाग घाईनं उरकत नाही. रविवार हा कुणीतरी भांडून मिळवलेला आहे, हे मुलांना ठाऊक असायला हवं. तो रविवार गिरणीपुरता मिळाला. त्याच्या आधी चाळीस वर्षं, १८५० साली, आपल्याच ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट माथेरानच्या डोंगरावर चढला आणि साहेबांना थंड हवेचं ठिकाण सापडलं. १९०७ला नेरळहून छोटी गाडी वर गेली. हळूहळू मुंबईतली मध्यमवर्गीय मराठी जोडपीही लग्नानंतर माथेरान-महाबळेश्वर करू लागली. त्यांच्याकडे पगारी रजा होती. वाडीला रविवार नव्हता. आमच्या शेजारच्या ख्रिस्ती वाड्यांत रविवारची मिस्सा चुकत नसे, घरातली सगळी नटूनथटून देवळात जात, पण मिस्सेहून आल्यावर लुगड्याचा काष्टा खोचून बाई पाटावर उभी राहायचीच.

मग बाहेर पडायची वेळ कोणती? जत्रेची. हे मी पूर्ण विचार करून म्हणते की आमच्याकडच्या नवराबायकोचं एकत्र बाहेर जाणं जत्रेनं सांभाळलं. कार्तिक वद्य एकादशीला निर्मळची जत्रा सुरू होते. शंकराचार्यांची समाधी, तलाव आणि त्याभोवती कितीतरी दिवस चालणारा बाजार. पाऊस संपून विहिरी भरलेल्या असतात, हवेत गारवा असतो, वाडी जरा दम धरते. त्या दिवसांत नवीन लग्न झालेलं जोडपं सगळ्यांदेखत बरोबर चालू शकत होतं. नवरा चार पावलं पुढे, बायको मागे, तरी बरोबर. पाळणा, बांगड्या, सुकेळी, मिठाई. बांगड्या भरून देणं हा नवऱ्याचा हक्क होता आणि त्यावरून घरी कुणी बोलायचं नाही. शिवरात्रीला तुंगारेश्वर, चैत्रात डहाणूची महालक्ष्मी, अधूनमधून विरारची जीवदानी. ख्रिस्ती शेजाऱ्यांची सप्टेंबरातली वांद्र्याची मोत माउली असायची आणि तिथे हिंदू घरांतूनही नवस फेडायला माणसं जात. देवाला जायचं म्हटलं की वाडीचं कुणीतरी बघायचं. भावकीतला एक जण दोन वाड्यांचे रहाट धरायचा, पुढच्या खेपेला ह्यांनी त्याचा धरायचा. देवाच्या नावावर मिळालेली ती सुटी होती आणि जोडप्यांना तिची किंमत चांगली ठाऊक होती.

सासूबाईंना लग्नानंतर अशी एकच मोठी खेप मिळाली. वज्रेश्वरीची. वसई जिंकल्यावर चिमाजी अप्पांनी नवस फेडण्यासाठी बांधलेलं हे देऊळ. वसई पडली १७३९च्या मे महिन्यात. कारेरीनं पाहिलेली उमरावांची घरं त्यानंतर ओस पडत गेली, पण वाड्या आणि रहाट जसेच्या तसे चालू राहिले. देवळापासून जवळच अकलोलीला आणि गणेशपुरीला गरम पाण्याची कुंडं आहेत. १९६६ साली सासू-सासरे पहाटे निघाले, विरारहून एसटी धरली, देवीची ओटी भरली, गणेशपुरीला कुंडात आंघोळ केली. नित्यानंद बाबांनी देह ठेवून तेव्हा पाच वर्षं झाली होती, समाधीवर गर्दी होती. दुपारी पुरणपोळीची शिदोरी सोडली आणि दिवेलागणीला दोघं घरी परत आली. “राहिला असतात ना एक रात्र,” मी एकदा म्हटलं. त्यावर सासूबाई म्हणाल्या, “अगो, संध्याकाळचं पाणी कुणी लावलं असतं? सकाळचं चुलतदिरांनी लावलं, तेच खूप झालं.” त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. मला मात्र ऐकताना भरून आलं.

वाढदिवसाची गोष्ट याहून निराळी आणि मला तर जास्तच रंजक वाटते. ज्यांच्याकडे पत्रिका मांडायची रीत होती त्यांचा वाढदिवस तिथीनं. सकाळी अभ्यंगस्नान, अश्वत्थाम्यापासून मार्कंडेयापर्यंत चिरंजीवांचं स्मरण, तीळ आणि गूळ घातलेलं दूध, संध्याकाळी औक्षण. हे मुलग्यांचं अगत्यानं होई, मुलींचं झालं तर झालं. लग्न झालेल्या बाईचा वाढदिवस असा काही प्रकार आमच्या घरी पूर्वी नव्हता. पुरुषाची साठी शांत होई, तिथे ती त्याच्या शेजारी पाटावर बसे, दोघांच्या डोक्यावर कलशाचं पाणी पडे. तेवढाच एक वाढदिवस जोडप्याचा.

जन्मतारीख माहीत असणं हाही आमच्याकडे एक मोठा फरक होता. नंदाखालच्या ख्रिस्ती घरांत तारीख पक्की. मूल झालं की काही दिवसांत बाप्तिस्मा, आणि देवळाच्या वहीत नाव, आईबाप, धर्माचे आईबाप, दिवस, सगळं लिहून ठेवलेलं. ट्रेंटच्या परिषदेनं सोळाव्या शतकातच तसा दंडक घातलेला आहे. आमच्या बाजूला वही नव्हती. मूल शाळेत घालायला नेलं की हेडमास्तर बापाकडे बघायचे, मुलाच्या अंगकाठीकडे बघायचे आणि जूनमध्ये शाळा सुरू होताना वय बसेल अशा बेतानं लिहायचे: १ जून. महाराष्ट्रात त्या पिढीतल्या असंख्य माणसांचा वाढदिवस १ जूनला येतो तो असा. माझ्या सासऱ्यांची नोंद १ जून १९४३. सासूबाई चौथीपर्यंत शिकल्या, त्यांची नोंद १ जून १९४८. एसटीची पहिली गाडी पुण्याहून नगरला निघाली तो हाच दिवस. आधारकार्डावर, रेशनकार्डावर, बँकेच्या पासबुकात नवराबायकोचा वाढदिवस एकाच दिवशी.

सासूबाईंचा खरा जन्म कधीचा, हे त्यांच्या आईनं वेगळ्या मापानं सांगितलं होतं. “तुफान झालं, जत्रा भरायची होती, त्या मधल्या दिवसांत तू झालीस.” सासूबाईंचं माहेर निर्मळचं. तुफान म्हणजे १९४८च्या नोव्हेंबरातलं, २१-२२ तारखेला मुंबईला झोडपून गेलेलं चक्रीवादळ. त्यात माहेरचे माड आडवे झाले होते, केळीचा तर एक खांब उभा राहिला नव्हता. मी पंचांग मांडून पाहिलं. त्या साली दिवाळीची अमावास्या १ नोव्हेंबरला होती, म्हणजे कार्तिक वद्य एकादशी त्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात येते. तुफान आणि जत्रा यांच्यात मोजून चार-पाच दिवस. त्या चार-पाच दिवसांतला एक दिवस माझ्या सासूबाईंचा. एका निरक्षर बाईनं लेकीची जन्मवेळ आठवड्याच्या आत आणून ठेवली होती, आणि सरकारी कागदावर ती सहा महिन्यांनी चुकली होती. शाळेत इतिहासाची साधनं शिकवताना मी ही गोष्ट दर वर्षी सांगते. मुलं घरी जाऊन आजीला विचारतात. कुणी पुराच्या साली जन्मलेलं निघतं, कुणी विहीर खणली त्या वर्षी.

वाडी कशी सुटली, ते सांगायला मला थोडं जड जातं. सत्तरच्या आसपास आमच्या विहिरीवर इंजिन बसलं, मग विजेचा पंप. हेला विकला. पहाटे चारची वेळ सहावर आली. बटण दाबून पाणी सुटायला लागल्यावर बाईला प्रथमच उसंत मिळाली, हे खरं आणि चांगलं झालं. पण त्याच सुमाराला घरातले मुलगे मुंबईला नोकऱ्यांना लागले. माझं लग्न झालं तेव्हा, नव्वदीच्या सुरुवातीला, वसई रोड ते विरार दरम्यान इमारतींचं पीक उभं राहत होतं. १९९०ला सिडकोकडे इथलं नियोजन गेलं. इमारती आधी झाल्या, नळ नंतर. लाखो माणसांना पाणी कुठून? हरित पट्ट्यातल्या विहिरींमधून, टँकरनं. रात्रंदिवस टँकर. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीच्या लोकांनी रस्त्यावर उतरून याविरुद्ध लढा दिला. फादर नंदाखालचे, आमच्या शेजारच्या गावचे. पुढे २०२०च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले तेव्हा सगळा महाराष्ट्र त्यांना ओळखू लागला. आम्ही त्यांना विहिरींसाठी उभा राहिलेला माणूस म्हणून ओळखत होतो. २०२४च्या जुलैत ते गेले, त्या दिवशी आमच्या घरी चूल उशिरा पेटली.

समुद्राच्या इतक्या जवळ विहीर अति उपसली की खारं पाणी आत शिरतं. आमच्या विहिरीला आधी मचूळ चव आली, मग पानवेलीची पानं कडेनं करपायला लागली. सासऱ्यांनी तीन पावसाळे वाट पाहिली, गोड्या पाण्यासाठी विहीर आणखी खोल केली नाही, कारण खोल गेलं की खारं जास्त. शेवटी वेली काढून टाकल्या. वेली उपटताना त्यांनी कुणाला मदतीला बोलावलं नाही. ज्या कामानं या घरातल्या जोडप्यांना पिढ्यान्‌पिढ्या बांधून ठेवलं होतं, ते काम असं संपलं. सुटका झाली म्हणावं तर तिची किंमत फार मोठी होती.

किनाऱ्याकडच्या अर्नाळा, नवापूर, राजोडी, कळंब या गावांत अनेकांनी वाडीतले माड ठेवले आणि माडांखाली खोल्या बांधल्या. मुंबईची माणसं सुरूच्या बनात पूर्वीही सहलीला यायचीच. शाळांच्या सहली वसईच्या किल्ल्यात, अर्नाळ्याच्या किल्ल्यात होडीनं. आता त्यांना राहायची, जेवायची सोय मिळाली. सकाळी नाश्ता, पोहण्याचा तलाव, दुपारी सुरमई किंवा आगाशीचं भुजिंग, संध्याकाळी चहा-भजी. वाडवळी बायका पिढीजात सुगरण, त्यांच्या हातच्या जेवणानं या धंद्याला नाव मिळालं. हिवाळ्यात उकडहंडी खायला म्हणून लोक खास येतात. नव्या जोडप्यांना वसईच्या कोटात फोटो काढायचे असतात. कोल्डप्ले बँडच्या २०१६च्या गाण्यात हा कोट जगभर दिसला, तेव्हापासून तर विचारू नका.

२०१८ला ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, पन्नास वर्षं पूर्ण झाली. घरी सत्यनारायण घालू म्हणत होतो. लेकीनं ऐकलं नाही, तिनं आम्हा दोघांसाठी राजोडीला दोन दिवस खोली घेतली. घरापासून रिक्षानं जाण्याइतकी जवळ. शेजारणी म्हणाल्या, एवढ्याजवळ कुणी जातं का? मला ते अंतर बरोबर वाटलं, कारण आमच्या घराला दूर जायची सवयच नव्हती. पहिल्या रात्री समुद्राचा आवाज ऐकत आम्ही उशिरापर्यंत बोलत बसलो. मुलीचं शिक्षण, ह्यांच्या कंपनीतली कपात, सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. घरी हे विषय तुकड्या-तुकड्यांनी होतात, कुणीतरी मध्ये येतं. तिथे ते सलग झाले. पहाटे मला जाग आली तर हे खोलीत नव्हते. बागेच्या कडेला एका जुन्या विहिरीपाशी उभे होते. विहिरीच्या तोंडावर रहाटाचं चाक शोभेसाठी बसवलेलं, पांढरा रंग दिलेला, माळेला नवी कोरी मडकी आणि प्रत्येक मडक्यात फुलझाड. ह्यांनी चाकाच्या आऱ्यांवरून हात फिरवला आणि सांगितलं की याची एक मेख उलटी ठोकली आहे, असं चाक फिरणार नाही. हे दोन वर्षांचे असताना हेला विकला गेला होता. हे ज्ञान त्यांना सासऱ्यांच्या तोंडून आलेलं. नाश्त्याला आम्ही मालकांशी बोललो. त्यांचीही पानवेलच होती. पोहण्याचा तलाव बाहेरून पाणी आणून भरावा लागतो, कारण विहीर खारी, हेही त्यांनी सांगितलं.

तिथे काम करणाऱ्या बायका बहुतेक वारली होत्या, पूर्वेकडच्या पाड्यांवरून येणाऱ्या. शनिवार-रविवार त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते, सुटी मधल्या वारी. खोली झाडायला आलेल्या मुलीचं नुकतंच लग्न झालं होतं, नवरा वीटभट्टीवर. दोघांची सुटी एका दिवशी येत नाही म्हणाली. कारेरीच्या बागांतल्या कुळांची मला आठवण झाली ती तेव्हा. तिला मी महालक्ष्मीच्या जत्रेचं विचारलं तर तिचा चेहरा खुलला. त्या दिवसांत दोघंही खाडा करतात, मालक काही म्हणोत.

सासऱ्यांना कागदानुसार ८१ वर्षं पूर्ण झाली १ जून २०२४ला. सहस्रचंद्रदर्शन घरात करायचं, भटजी बोलवायचे, भावकीला जेवण, असा बेत होता आणि तो पुढच्या महिन्यात झालाही. पण त्याआधी मी त्यांना म्हटलं, नाना, १ जूनला आईंचाही वाढदिवस आहे. कागदावर का होईना, तुमच्या दोघांचा एकच दिवस आहे. दोघं कुठेतरी जाऊन या. आम्ही कुणी येणार नाही. नाना गप्प राहिले. सासूबाईंनी विचारलं, “कुठे?” मी म्हटलं, तुम्ही सांगा. त्यांना फार विचार करावा लागला नाही.

पंचाहत्तरीच्या पुढच्या ज्येष्ठांना एसटी फुकट आहे, तेव्हा दोघांचं तिकीट शून्य रुपयांचं निघालं. सासूबाईंनी ते जपून ठेवलं आहे. गणेशपुरीला खोली आधी बोलून ठेवली होती, तळमजल्याची, पंख्याची. ह्यांनी गाडीनं सोडायची तयारी दाखवली तेव्हा नानांनी नको म्हटलं. एसटीनंच जायचं, गेल्या वेळी तसंच गेलो होतो. कुंडावर गर्दी नव्हती. नाना पाण्यात उतरले, सासूबाई पायरीवर पाय सोडून बसल्या, गुडघ्यांना शेक मिळाला. वज्रेश्वरीच्या पायऱ्या चढायला एक तास लागला, मध्ये बसत बसत. ओटी भरली. संध्याकाळी देवळाबाहेर नानांनी त्यांना बांगड्या भरल्या, हिरव्या, डझनभर. आणि त्या रात्री ती दोघं तिथे राहिली. लग्न, मयत, इस्पितळ यांच्याखेरीज दोघांनी मिळून घराबाहेर काढलेली ती पहिली रात्र. लग्नाला अठ्ठावन्न वर्षं झाली होती.

परत आल्यावर दोन दिवस सासूबाई सगळ्यांना तेच सांगत होत्या, शेजारी, भाजीवालीला, फोनवर बहिणीला. खोलीत पंखा आवाज करत होता. सकाळी उठून चहा आयता मिळाला. नाना झोपेत बोलतात, हे त्यांना घरात सगळ्यांच्या गलक्यात कधी नीट ऐकूच आलं नव्हतं. काय बोलतात, ते मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

यंदा त्यांना शेगावला जायचं आहे. कार्तिक वद्यात, खऱ्या वाढदिवसाच्या सुमाराला. निर्मळची जत्रा चुकेल का, यावर घरात चर्चा चालू आहे. नानांचं म्हणणं, जत्रा बरेच दिवस असते, परत येऊन करू. आरक्षण उघडलं की दोन लोअर बर्थ काढायच्या आहेत, ते काम माझ्याकडे आहे.